पंख्याची घरघर आणि निघता न निघणारा अँटीव्हायरस: एका घरगुती कॉम्प्युटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका घरातलं आहे, २०२४ च्या ऑगस्टअखेरचं. काका-काकूंना विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. काकू निवृत्त शिक्षिका, घरबसल्या मराठी टायपिंग आणि मुद्रितशोधन करतात, आणि त्यांचा खरा सीझन म्हणजे जुलै ते सप्टेंबर कारण दिवाळी अंकांची कामं तेव्हाच अंगावर येतात. मी आधी त्यांच्याच सोसायटीत राहायचो आणि कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो, म्हणून फोन मला आला.

मशीन २०१७ साली असेंबल करून घेतलेलं. इंटेलचा आय५-७४०० प्रोसेसर, त्याच्याबरोबर बॉक्समध्ये येतो तोच फॅन, ८ जीबी रॅम, नंतर कधीतरी बसवलेली एसएसडी, विंडोज १०. काकूंच्या कामाला हे भरपूर आहे. त्यांचं सगळं काम एका जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरवर चालतं, युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या आजच्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टवालं, कारण ज्या प्रेसला फाइली जातात तिथे अजून त्याच फॉन्टमध्ये पानं लागतात. त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं आणि ज्याने ते बसवून दिलं तो माणूस धंदा बंद करून गावी गेलेला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचे सगळे निर्णय तिच्यापाशीच येऊन थांबले.

अजून एक गोष्ट, जी मला पहिल्या दिवशी कळली होती पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मे महिन्यात त्यांची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि ते भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. सामानाबरोबर सीपीयू पण टेम्पोतून आला, गादीच्या बाजूला उभा करून ठेवलेला.

त्रास काय होता

काकूंचं म्हणणं असं की मशीन चालू केलं की पाच मिनिटांत मिक्सर लावल्यासारखा आवाज, टायपिंग करताना अक्षरं मागून उमटतात, आणि गेल्या आठवड्यात तीनदा मशीन कामाच्या मधेच फाडकन बंद पडलं, मेसेज नाही काही नाही. एका वेळी अकरा पानांच्या दुरुस्त्या गेल्या. फोनवर त्या म्हणाल्या, "अरे, मला मशीनचं काही वाटत नाही, पण त्या लेखकाला मी शुक्रवारचा शब्द दिलाय."

दुसरा त्रास वेगळाच. एक अँटीव्हायरस, त्याचं वर्षाचं सबस्क्रिप्शन मार्चमध्येच संपलेलं, तो दर पंधरा-वीस मिनिटांनी अख्ख्या स्क्रीनवर पैसे भरा म्हणून येत होता. काका तो काढायला गेले तर पासवर्ड मागायला लागला. तो पासवर्ड आधीच्या दुरुस्तीवाल्याने टाकलेला आणि तो आता स्वतःच विसरलेला. मग काकांनी वैतागून त्याचा फोल्डरच शिफ्ट-डिलीट केला. निम्म्या फाइली गेल्या, निम्म्या "ॲक्सेस डिनाइड" म्हणून राहिल्या, कारण असे प्रोग्रॅम स्वतःचा बचाव करायलाच बनवलेले असतात, नाहीतर कुठलाही व्हायरस आधी त्यांनाच उडवेल. त्यानंतर तो धड चालेना आणि धड निघेना, पॉप-अप मात्र येतच राहिले. हे ऐकून कॅनडातल्या मुलाने एका रात्री लांबून कनेक्ट होऊन दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस टाकून दिला, आईचं मशीन उघडं राहू नये एवढाच त्याचा हेतू.

जवळच्या दुकानात विचारलं तर एकच उत्तर, फॉरमॅट मारा, फॅन बदला, संध्याकाळी घेऊन जा.

समोर कोणते पर्याय होते

फॉरमॅटला माझा विरोध नाही. विंडोज इतकं बिघडलेलं असलं की नव्याने टाकणं बरं पडतं, मीही करतो. पण इथे फॉरमॅट म्हणजे टायपिंग सॉफ्टवेअर गेलं, आणि ते गेलं की काकूंचा अख्खा सीझन गेला. शिवाय मशीन जर उष्णतेने बंद पडत असेल तर फॉरमॅटने आवाज आठ दिवस कमी होईल आणि मग परत तेच.

नुसता फॅन बदलायचा? फॅन ओरडतोय म्हणजे फॅन खराब, असं सगळ्यांनाच वाटतं. पण प्रोसेसरचा फॅन हा हुकमाचा ताबेदार असतो, मदरबोर्ड त्याला तापमान बघून वेग देतो, म्हणून पूर्ण वेगात फिरून आवाज करणारा फॅन बहुतेक वेळा अगदी धडधाकट असतो आणि त्याच्याखाली काहीतरी तापतंय हे सांगत असतो. खराब फॅनचा आवाज वेगळा येतो, बेअरिंग सुकलेलं असेल तर खरखर किंवा टकटक येते आणि ती बऱ्याचदा थंड मशीन चालू करताना जास्त असते, मग कमी होते. काकूंचं उलटं होतं, सुरुवातीला शांत आणि पाच मिनिटांनी कल्लोळ.

नवीन मशीन घेणं हाही पर्याय काकांनी काढला, पण लायसन्सचा प्रश्न तिथेही होताच.

शेवटी असं ठरलं की आधी बॅकअप, मग मोजमाप, मग उष्णता, आणि सॉफ्टवेअरला सगळ्यात शेवटी हात लावायचा. उष्णता आधी का, तर अनइन्स्टॉल अर्ध्यात असताना मशीन बंद पडलं तर विंडोजच सुरू होणार नाही अशी पाळी येऊ शकते.

पहिली खेप: मोजमाप आणि धूळ

बॅकअप घेताना काकूंच्या फाइलींबरोबर विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर पण कॉपी केला, हे फार लोक विसरतात आणि मग फाइल उघडली की सगळी अक्षरं म्हणजे चौकोन आणि खुणा.

मग बंद पडण्याचं कारण. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ च्या तीन नोंदी होत्या, पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. लाइट गेली, एसएमपीएस (मशीनला आतून वीज पुरवणारा डबा) मेला, तापून बंद झालं, सगळ्याला तीच नोंद. काकूंना विचारलं, मशीन बंद पडलं तेव्हा मॉनिटर चालू होता का? म्हणाल्या हो, "नो सिग्नल" दिसत होतं. मॉनिटर त्याच यूपीएसवर, म्हणजे यूपीएस आणि वायरिंग बाजूला पडले. राहिले एसएमपीएस आणि उष्णता.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये (कुठला प्रोग्रॅम किती ताकद खातोय ते दाखवणाऱ्या खिडकीत) प्रोसेसरचं तापमान दिसत नाही, म्हणून एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. त्याची एक सोय मला फार आवडते, ते दर दोन सेकंदांनी सगळी मापं एका फाइलमध्ये लिहून ठेवू शकतं. तो लॉग चालू केला आणि काकूंना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं काम करा. काही न करता ६२ अंश. टायपिंग सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि एक पीडीएफ उघडली की ९५ च्या वर, वेग ३.३ गिगाहर्ट्झवरून दीडच्या आसपास घसरलेला. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, तिथे पोचला की तो स्वतःचा वेग पाडतो, म्हणूनच अक्षरं मागून उमटत होती. पस्तीसाव्या मिनिटाला मशीन बंद. परत चालू करून फाइल उघडली तर शेवटच्या सगळ्या ओळींत १०० लिहिलेलं. आता एसएमपीएसवर संशय घ्यायचं कारण उरलं नाही.

मग टेबलाखाली वाकून बघितलं. सीपीयू लाकडी टेबलाच्या बंद खणात, मागची बाजू भिंतीला चार बोटं अंतर ठेवून, आणि वर, जिथून गरम हवा बाहेर पडायची तिथल्या जाळीवर, काकूंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल अगदी व्यवस्थित चारी कोपरे जुळवून घातलेला. धूळ जाऊ नये म्हणून. शेजारी देवघर, उदबत्तीचा धूर, समोरच्या प्लॉटवर बांधकाम. पत्रा काढला तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये फेल्ट कापडासारखा राखाडी थर बसलेला, सुटी धूळ नव्हेच, धुराने चिकट झालेली.

प्लग काढला, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवलं, बाल्कनीत नेऊन मऊ ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. आणि एसएमपीएस उघडायचा नाही, बाहेरून जाळीतून जेवढी हवा मारता येईल तेवढीच, आत कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही करंट राहतो.

रुमाल काढला, सीपीयू खणातून बाहेर काढून एका लाकडी पाटावर ठेवला. परत मोजलं, रिकामं असताना ५३, कामात ८८. आवाज निम्मा झाला. काकू खूश, काकांनी चहा टाकला, मी निघालो. इथे माझी चूक झाली. इतकी धूळ निघाल्यावर ८८ म्हणजे आकडा अजूनही जास्त होता, कारण टायपिंग आणि पीडीएफ हे काम ६५ वॉटच्या प्रोसेसरला काहीच नाही. मला ते दिसत होतं, तरी फरक पडलाय ना, बाकीचं अँटीव्हायरस काढल्यावर होईल, असं मनाशी म्हणून मी विषय सोडला.

दुसरी खेप: सुटलेली पिन

मंगळवारी सकाळी फोन, परत बंद पडलं. या वेळी गेलो आणि पत्रा काढून आधी हीटसिंकलाच बोट लावलं. खालचा उजवा कोपरा हलला. या इंटेलच्या फॅनला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात, वरून दाबल्या की मदरबोर्डच्या भोकातून खाली जाऊन फाकतात आणि टक करून बसतात. चारपैकी एक वर आलेली. दिसायला दोन मिलिमीटरचा फरक, पण तेवढ्याने हीटसिंक एका बाजूने उचललेला, प्रोसेसरच्या पत्र्याला नीट टेकतच नव्हता. टेम्पोतला प्रवास तेव्हा मला आठवला. जूनमध्ये आवाज सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी उन्हाळ्याला दोष दिला होता, पण उन्हाळा संपून पावसाळा निम्मा गेला तरी आवाज वाढतच होता.

नुसती पिन दाबून टाकायची का? मोह झाला. पण हीटसिंक एकदा सुटून हलला की मधली थर्मल पेस्ट (उष्णता प्रोसेसरकडून हीटसिंककडे नेणारा लेप) फाटते आणि हवा शिरते, शिवाय सात वर्षांची पेस्ट. म्हणून चारही पिना बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवून सोडवल्या आणि हीटसिंक उचलला. पेस्ट वाळून पिठासारखी झालेली, एका कोपऱ्यात तर अजिबात ठसाच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने दोन्ही बाजू पुसल्या, मधोमध मटारच्या लहान दाण्याएवढी पेस्ट, पिना बाणाच्या उलट फिरवून जागेवर आणल्या, मग समोरासमोरच्या, म्हणजे कोपऱ्याला कोपरा अशा दोन-दोन दाबल्या. चार टक ऐकू आले पाहिजेत. ऐकू आले तरी प्रत्येक पिन वर ओढून बघा, मी बघितली, एक परत बसवावी लागली.

रिकामं असताना ३८, कामात ६१. फॅन अडीच हजारावरून बाराशे फेऱ्यांवर आला. पेस्टची ट्यूब अडीचशे रुपये, दुसरा काही खर्च नाही.

पण अजून एक गोष्ट खटकत होती. मशीन नुसतं पडून असताना सुद्धा टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४० टक्क्यांच्या खाली येत नव्हता. यादीत दोन्ही अँटीव्हायरस सगळ्यात वर. एकाने फाइल तपासायला उघडली की दुसऱ्याला ती कोणीतरी उघडली म्हणून जाग येते, मग तो तपासतो, आणि हे दिवसभर.

तिसरी खेप: अँटीव्हायरस

आधी सरळ मार्ग. सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल केलं तर अनइन्स्टॉलची फाइलच सापडत नाही असा एरर, साहजिकच, ती काकांनी उडवलेली. अशा वेळी बरेचदा चालणारा उपाय म्हणजे तोच प्रोग्रॅम त्याच्यावरच परत इन्स्टॉल करायचा, म्हणजे गहाळ फाइली जागेवर येतात, आणि मग नीट काढायचा. तेही केलं. इन्स्टॉल झाला, काढायला गेलो तर परत पासवर्ड, जुनी सेटिंग्ज शाबूत होती.

रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या आतल्या नोंदी साफ करणारे प्रोग्रॅम) वगैरे वापरायचं मी टाळलं. अँटीव्हायरसचे ड्रायव्हर विंडोजच्या फाइल उघडण्याच्या रस्त्यातच बसलेले असतात, अंदाजाने अर्धवट नोंदी उडवल्या तर मशीन बूटच होणार नाही. राहिलं ते कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल. जवळपास सगळ्या अँटीव्हायरस कंपन्या असं वेगळं टूल देतात, पण ते कंपनीच्या साइटवर जाऊनच घ्या, सर्च केल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींतून घेतलं तर नवीनच काहीतरी घरात शिरतं.

टूल डाउनलोड करून ठेवलं, रिस्टोर पॉइंट केला (बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीला नेता यावं म्हणून), मग शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट, तिथून ट्रबलशूट, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि ४ दाबून सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतंच चालू होणारं विंडोज. सेफ मोडमध्ये त्या अँटीव्हायरसचा पहारा चालू नसतो म्हणून टूलला काम करता येतं. मात्र साधं अनइन्स्टॉल तिथे बऱ्याचदा चालत नाही कारण विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिसच तिथे बंद असते, हे माहीत नसलं की माणूस तासभर एररशी झगडत बसतो. टूलने पासवर्ड मागितला नाही, दहा मिनिटं घेतली आणि रीस्टार्ट मागितला.

खरंच गेला का हे बघायला ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएलटीएमसी ही कमांड मारली, ती फाइलींच्या रस्त्यात बसलेल्या ड्रायव्हरांची यादी देते. आधी मी त्या यादीचा फोटो काढून ठेवला होता. आता पहिल्या कंपनीची नावं गायब.

दुसरा अँटीव्हायरस ठेवायचा का, हा निर्णय माझा नव्हता. मुलाला फोन लावला. त्याचं म्हणणं, आई बँकेचे व्यवहार याच मशीनवर करते, संरक्षण हवंच. बरोबर आहे त्याचं. मी सांगितलं की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आहेच, दुसरा अँटीव्हायरस आला की तो मागे सरकतो आणि तो गेला की आपोआप पुढे येतो, आणि त्याने टाकलेला ट्रायल आहे, महिन्याभरात तोही पैसे मागायला येणार. दहा मिनिटं बोललो, तो म्हणाला ठीक आहे, पण आईला अनोळखी अटॅचमेंटबद्दल नीट समजावून सांग. तो अँटीव्हायरस साध्या अनइन्स्टॉलने निघाला.

मग जे झालं त्याची मी अजिबात तयारी केली नव्हती. डिफेंडर जागा झाला आणि त्याने काकूंच्या टायपिंग सॉफ्टवेअरची मुख्य फाइल संशयित म्हणून उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे कोंडून, टाकली. कारण कळण्यासारखं आहे, हे जुने टायपिंग प्रोग्रॅम कीबोर्डची प्रत्येक कळ मधेच पकडून तिच्या जागी मराठी अक्षर टाकतात, आणि पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम पण कळा तशाच पकडतात. जुन्या अँटीव्हायरसमध्ये कोणीतरी त्या फोल्डरला सूट देऊन ठेवलेली होती, ती त्याच्याबरोबर गेली. काकूंचा चेहरा उतरला, आणि खरं सांगतो, माझ्याही पोटात गोळा आला. विंडोज सिक्युरिटीमध्ये प्रोटेक्शन हिस्ट्री उघडून फाइल रिस्टोर केली. सूट द्यायच्या आधी बॅकअपमधल्या प्रतीशी ताडून बघितली, आकार आणि तारीख तीच, २०१७ ची, म्हणजे मधे कोणी बदललेली असण्याची शक्यता कमी. मग फक्त त्या एका फोल्डरला एक्सक्लूजन दिलं. सॉफ्टवेअर उघडलं, लायसन्स शाबूत.

निकाल

रिकामं असताना प्रोसेसरचा वापर ३ ते ५ टक्के, तापमान ३६ च्या आसपास, खोलीचा पंखा बंद केला तरच मशीनचा आवाज ऐकू येतो. शुक्रवारची पानं शुक्रवारी गेली. त्या सीझनमध्ये मशीन पुन्हा एकदाही बंद पडलं नाही, गणपतीत समोर मांडव आणि धूळ असूनसुद्धा.

परत करायची वेळ आली तर

पहिल्याच दिवशी हीटसिंकला बोट लावून बघेन. मशीनने घर बदललंय हे कळलं तर पिना तपासल्याशिवाय पत्रा लावायचाच नाही, हे आता माझ्यापुरतं पक्कं आहे. माझ्या त्या दुर्लक्षाची किंमत काकूंनी दोन दिवसांच्या कामाने मोजली. आकडा आधीपेक्षा कमी झाला यावर थांबायला नको होतं, या प्रोसेसरला या कामात किती असायला हवा ते धरून बघायला हवं होतं.

दुसरं, अँटीव्हायरस काढायच्या आधी त्यातली एक्सक्लूजनची यादी बघून लिहून घेणार. पासवर्डमुळे सेटिंग्ज उघडली नसती तर निदान घरच्यांना विचारायचं की कुठला प्रोग्रॅम पूर्वी कधी अडवला होता का. काकूंना आठवत होतं, मी विचारलंच नाही.

सेफ मोड शेवटी ठेवण्याबद्दल मात्र मला शंका नाही. तो उपाय शनिवारी, म्हणजे पहिल्याच खेपेला, मशीन तापून बंद पडत असताना केला असता तर टूल अर्ध्यात तुटलं असतं.

एक प्रश्न तसाच राहिला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, म्हणून तेव्हाच काकूंना सांगितलं की बँकेचे व्यवहार पुढे फोनवर किंवा दुसऱ्या मशीनवर न्या आणि हे मशीन टायपिंगपुरतं ठेवा. त्यांना ते पटलं. फाइली युनिकोडमध्ये नेण्याचं प्रेसवाल्यांशी बोलणं चालू आहे.

क्रोशाचा रुमाल आता प्रिंटरवर आहे, तेही प्रिंटर बंद असतानाच. आणि सीपीयूच्या पत्र्याला आतून मी एक कागद चिकटवलाय: पेस्ट बदलल्याची तारीख, रिकामं असताना ३६, कामात ६१, आणि खालच्या उजव्या पिनेकडे दाखवणारा बाण.